शुद्धिपत्र पाहिले – नाही

बत्तीस वर्षं मी ग्रंथपाल होते आणि त्या बत्तीस वर्षांत ऑफिसच्या वेळेत एकही कादंबरी वाचली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लग्नात, बारशाला, सोसायटीच्या मीटिंगला, कुठेही माझी ओळख करून दिली की समोरचा म्हणतो, "मजा आहे बुवा तुमची, दिवसभर नुसतं वाचायचं!" ज्यांना असं वाटतं त्यांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलुंडच्या आमच्या सायन्स कॉलेजच्या लायब्ररीत माझ्या खुर्चीवर एक दिवस बसून दाखवावं. वाचायचं सोडा, चहा गरम असताना प्यायला मिळाला तरी नशीब.

पण या नोकरीतलं एक काम मला मनापासून आवडायचं. त्याचं नाव मात्र एवढं लांबलचक की ते उच्चारेपर्यंत ऐकणारा निघून जातो: आंतरग्रंथालयीन देवघेव. काम सोपं आहे. एखाद्या विद्यार्थ्याला जुन्या नियतकालिकातला एखादा लेख हवा असतो आणि तो अंक आमच्याकडे नसतो. मग तो अंक कुठल्या लायब्ररीत आहे हे मी शोधून काढायचं, तिथल्या ग्रंथपालाला मागणीपत्र धाडायचं आणि त्याने त्या लेखाची झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवायची. उद्या त्यांना काही लागलं की मी पाठवायची. एक लेख, एक वाचक, फक्त अभ्यासापुरता, एवढाच नियम. मुलुंड ते अंधेरी अंतर ते किती? पण लेखाला यायला दहा-बारा दिवस लागायचे आणि मधे सणवार आले की तीन आठवडे.

माझी निम्मी मागणीपत्रं अंधेरीतल्या एका संशोधन संस्थेच्या लायब्ररीत जायची. तिथे पास्कल परेरा नावाचे गृहस्थ होते. माणूस मरोळ गावठाणातला, शिक्षण चर्चच्या मराठी शाळेतलं. माझं पहिलं पत्र मराठीत गेलं, म्हणून त्यांचं उत्तरही मराठीत आलं आणि पुढे वीस वर्षं तसंच येत राहिलं. अक्षर मोत्यांसारखं वगैरे मुळीच नव्हतं, पण लांबूनही वाचता येईल इतकं ठसठशीत होतं. ते प्रत्येक झेरॉक्सला टाचणीने एक चिठ्ठी लावत आणि चिठ्ठीवर नेहमी तीनच गोष्टी असत: "पाने अकरा. तक्ते दोन. शुद्धिपत्र पाहिले – नाही."

पानांचा आकडा मला समजला. झेरॉक्स काढताना एखादं पान हमखास सुटतं. पण शुद्धिपत्र? म्हणजे छापताना झालेली चूक नंतर लक्षात आली की पुढच्या एखाद्या अंकात, कुठेतरी शेवटच्या पानावर, बारीक टाइपात एक पट्टी छापतात ना, 'पान अमुक, ओळ तमुक, याऐवजी असे वाचावे', ती. हे गृहस्थ दरवेळी पुढचे अंक काढून ती पट्टी शोधत बसत आणि सापडली नाही तर तसं लिहून कळवत. मी एकदा पत्रात विचारलं की एवढे कष्ट कशाला घेता. उत्तर आलं: "छापणाऱ्याला चूक उशिरा कळते. वाचणाऱ्याला कळतच नाही. म्हणून मधे बसलेल्याने बघायचे."

आमचे शिपाई गावडेमामा सावंतवाडीकडचे. पोस्टातून पाकिटं आणणं हे त्यांचं खास काम. ते दारातूनच ओरडत, "मॅडम, अंधेरीचा पाकीट इला! सुदीपत्र नाय!" पाकीट न उघडताच हे कसं कळतं असं मी विचारलं तर म्हणाले, "कधी असता काय?"

एकदा मात्र होतं. आमच्याच कॉलेजातून निवृत्त होऊन मालाडला राहायला गेलेले एक प्राध्यापक, वय ऐंशीच्या घरात, काठी टेकत आले. त्यांना त्यांनी स्वतःच पस्तीस वर्षांपूर्वी लिहिलेला लेख हवा होता. घर बदलताना त्यांच्याकडची प्रत हरवली होती आणि नातीला दाखवायचा होता. मी अंधेरीला मागणी धाडली. पाकीट आलं, चिठ्ठीवर होतं, "शुद्धिपत्र पाहिले – आहे. सोबत जोडले." मी उघडून बघितलं तर चूक लेखकाच्या नावातच होती. आडनावच भलतं छापलं होतं. ती पट्टी वाचताना सरांचा चेहरा उजळला. "अहो, यासाठी मी संपादकाला चार पत्रं लिहिली होती! भांडलो होतो! साफ विसरून गेलो होतो." मग त्यांनी उभ्या उभ्या सगळा लेख वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं लिहिलं होतं की मी."

तर असं सगळं चाललं होतं आणि मग ईमेल आला. म्हणजे तो आधीच आला होता, लायब्ररीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. उपनगरांतल्या आठ-दहा लायब्ररींनी ठरवलं की आता झेरॉक्स आणि पोस्ट बंद, लेख स्कॅन करून ईमेलने पाठवायचे. मागणीचा फॉर्म सगळ्यांचा एकच असावा, आणि तो कर्णिकबाईंनी, म्हणजे मी, तयार करावा. आमच्या मंडळींत मला कॉम्प्युटर येतो अशी माझी ख्याती होती. खरं म्हणजे प्रिंटर अडला तर मी त्याच्यावर न चिडता त्याला चालू करू शकत असे, इतकंच.

फॉर्म मी मन लावून केला. नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पानं, मागणाऱ्याचं नाव. एका स्क्रीनवर सगळा मावला पाहिजे हा माझा हट्ट. झकास झाला होता, सगळ्यांनी वाहवा केली. परेरांनी मात्र पोस्टकार्ड पाठवलं.

"मॅडम, फॉर्म मिळाला. नीटनेटका आहे. रकाना एक कमी आहे. शुद्धिपत्राचा. कळावे. प. परेरा."

मी हसले. गावडेमामांना म्हटलं, "बघा, ईमेलच्या फॉर्मबद्दल पोस्टकार्ड!" आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. रकाना घातला असता तर फॉर्म दोन स्क्रीनवर गेला असता. मी उत्तर दिलं नाही.

पहिला लेख अंधेरीहून ईमेलने आला तो नऊ मिनिटांत. मी घड्याळ लावून बघितलं. आम्ही कॅन्टीनमधून बटाटेवडे मागवले. गावडेमामा स्क्रीनकडे बघत बराच वेळ उभे होते. "झकास झाला," म्हणाले, आणि मग हळूच, "पण आता माका काय काम उरला?" मी त्यांना म्हटलं की कामं खूप आहेत. ती होतीही, पण पोस्टात जाऊन दारातून ओरडण्यासारखं त्यांत एकही नव्हतं.

परेरा सुरुवातीला ईमेलच्या तळाशीही ती ओळ लिहीत. पाने इतकी, तक्ते इतके, शुद्धिपत्र पाहिले, नाही. मग कधीतरी ती येईनाशी झाली. नुसता लेख येऊ लागला, बिनसहीचा. ती ओळ नेमकी कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. वीस वर्षांचा पत्रव्यवहार बंद झाला आणि मला पत्ता नाही, याची मला अजून लाज वाटते.

आता रूपालीची गोष्ट. रूपाली म्हात्रे मानखुर्दची. सकाळी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि दुपारी आमच्या लॅबमध्ये पीएच.डी.चं काम करायची. खाडीकाठच्या एका झुडपाच्या पानांतून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं काढायचं, हा तिचा विषय. ते काढायची पद्धत एकाच जुन्या लेखात दिलेली होती. ज्या नियतकालिकात तो छापला होता ते केव्हाच बंद पडलेलं, आणि त्याचे खंड फक्त अंधेरीला. मी मागणी टाकली. माझा चहा संपायच्या आत लेख हजर. रूपाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही ग्रेट आहात यार," आणि जीभ चावली. मी ते 'यार'सकट मोठेपणाने स्वीकारलं.

आठ महिन्यांनी तीच रूपाली लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी डोकं टेकवून बसलेली दिसली.

"काय गं?"

"पाचव्यांदा वाट लागली, मॅडम. शेवटी नुसता काळा डिंक उरतो."

"लेखात दिलंय तसंच करतेस ना?"

"अगदी तसंच. पाठ झालाय तो मला." तिने बॅगेतून एक पत्र काढलं. "एक मुदतवाढ घेऊन झाली. दुसरी मिळणार नाही. सर म्हणतात, तुझ्या हातालाच येत नसेल तर सोड. मार्चपर्यंत काय होणार आहे आता? सोमवारी रजिस्ट्रेशन रद्द करायचं हे पत्र देतेय."

पाच वर्षं ती मुलगी मानखुर्दहून येत होती. भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा लॅबमध्ये होती, हातावर मेंदी तशीच. मी तिला चहा पाजला आणि अशा वेळी सगळे बोलतात तसलं काहीबाही बोलले.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, लायब्ररीत नवं फर्निचर यायचं होतं म्हणून गावडेमामा माझं जुनं टेबल रिकामं करत होते. खालच्या ड्रॉवरमधून त्यांनी रबरबँड लावलेला एक गठ्ठा काढला. "मॅडम, ह्यां टाकू?" आणि मग स्वतःच वाचायला लागले, "शुद्धिपत्र पाहिले, नाही. शुद्धिपत्र पाहिले, नाही. शुद्धिपत्र पाहिले..." सगळ्यात खाली पोस्टकार्ड होतं. रकाना एक कमी आहे.

मी ते हातात घेतलं. 'अगदी तसंच' म्हणाली होती रूपाली. लेखात दिलंय अगदी तसंच. आणि लेखच चुकला असेल तर?

मी अंधेरीला फोन लावला. एका तरुण मुलीने उचलला. परेरा आहेत का विचारलं तर ती गोंधळली. "परेरा सर? ते रिटायर होऊन दोन वर्षं झाली, मॅडम. आता मी बघते." दोन वर्षं! म्हणजे आठ महिन्यांपूर्वी माझा चहा संपायच्या आत लेख पाठवणारी ही होती, आणि मी मनातल्या मनात परेरांचे आभार मानले होते. बिचारी चांगली होती. तिने लगेच स्कॅन उघडून बघितला. "सगळी पानं आहेत, मॅडम. अगदी क्लीन स्कॅन आहे. मूळ खंड खाली स्टोअरमध्ये आहे, तो शोधावा लागेल." मी परेरांचा नंबर मागून घेतला.

"परेरा बोलतोय."

"मी मुलुंडहून सुनीता कर्णिक."

पलीकडून आवाज आला, "मागणी कुठली, मॅडम?"

मी नियतकालिकाचं नाव आणि खंड सांगितला.

"सतरावा. हिरव्या बाइंडिंगचा. त्यातल्या एका लेखावर वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय की मी. दिसलं नाय तुम्हाला?"

"पहिल्या पानावर काहीच नाहीये, परेरा. पांढरंशुभ्र आहे पान."

"मग बरोबर. मशीनला पेन्सिल दिसत नाय. घाण समजून पुसून टाकतं." ते पुढे म्हणाले, "चूक काय होती ते आता आठवत नाय. पण होती. उद्या दहाला तिकडे या. मी येतो."

शनिवारी मी रूपालीला घेऊन गेले. तिला पूर्ण काही सांगितलं नव्हतं. उगाच आशा लावायची आणि तिकडे निघायचं भलतंच, ही भीती. वीस वर्षं पत्रं लिहून परेरांना मी पहिल्यांदाच बघत होते. मनात मी त्यांचा किडकिडीत, चष्मेवाला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस केला होता. समोर उभे होते ते चांगले रुंद खांद्यांचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. हातात कापडी पिशवी. ती माझ्या हातात देत म्हणाले, "अंगणातल्या मिरच्या हायेत. जपून. तिखट आहेत."

स्टोअरमध्ये ते आमच्या पुढे झाले, दिवा लावायच्याही आधी योग्य रॅकपाशी पोचले आणि वाकून हिरवा खंड ओढला. लेखाचं पहिलं पान उघडलं. वर उजव्या कोपऱ्यात, फिकट पण वाचता येईल असं: "शु. प. – खंड १८, अंक १, शेवटचे पान."

नवी मुलगी एकदम कावरीबावरी झाली. "सर, मी सेटिंग ब्लॅक अँड व्हाइट ठेवते. डाग जातात, पान स्वच्छ येतं."

"स्वच्छ येतं हाच तर घोळ आहे, पोरी," परेरा म्हणाले. पण रागाने नाही. "तुला कोणी सांगितलंच नाय. मी जाताना सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, दिसेल."

अठराव्या खंडातलं ते शेवटचं पान त्यांनी रूपालीसमोर धरलं. वर्गणीच्या आवाहनाखाली दोन ओळींची पट्टी होती. रूपालीने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग मोठ्याने: "तक्ता दोन, तिसरी पायरी. ऐंशी अंश याऐवजी साठ अंश असे वाचावे."

ती दोन रॅकच्या मधे फरशीवर बसलीच. "ऐंशीला ते जळून जातं," ती म्हणाली. "मॅडम, आठ महिने मी ते जाळतेय." आणि हसू आणि रडू एकदमच आलं तिला. नवी मुलगी पाणी आणायला पळाली. मी काय करावं ते न कळून मिरच्यांची पिशवी छातीशी धरून उभी होते.

बाहेर आल्यावर मी परेरांना म्हटलं, "तुमचं कार्ड मला मिळालं होतं."

"माहीत आहे. पोस्टाचं कार्ड पोचतंच."

"मी उत्तर दिलं नाही. चुकलं माझं."

"रकाना घाला," ते म्हणाले. "तेच उत्तर."

सोमवारी रूपालीने ते पत्र फाडलं आणि मी फॉर्म दुरुस्त केला. तो आता दोन स्क्रीनवर जातो. रकाना आहे: शुद्धिपत्र पाहिले – आहे किंवा नाही. त्याच्याखाली मी आणखी एक घातला: कोणी पाहिले. दोन-तीन लायब्ररींनी कुरकुर केली, वेळ जातो म्हणाल्या. त्यांना मी रूपालीची गोष्ट सांगितली आणि तेवढ्यावर त्या गप्प झाल्या. अंधेरीच्या मुलीने स्कॅनरचं सेटिंग बदललं. आता तिच्याकडून येणाऱ्या लेखांवर डाग, शाईचे ठिपके, कुणीतरी अधोरेखित केलेल्या ओळी, सगळं येतं. कधीकधी एखादा चिरडलेला डाससुद्धा येतो.

मी पोस्टाची भक्त नाही, हेही सांगते. त्यानंतरच्या चार महिन्यांत रूपालीला अजून सात लेख लागले आणि सातही त्याच दिवशी मिळाले. पूर्वीच्या वेगाने ती मार्च काय, दिवाळीपर्यंतही पोचली नसती. यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. मधे बसलेल्या बाईने आपलं केलं नव्हतं, एवढंच.

फेब्रुवारीत ती एक काचेची छोटी बाटली घेऊन आली. तळाशी चिमूटभर पांढरे स्फटिक. गावडेमामांनी चष्मा लावून बाटली उजेडात धरली. "ह्येच्यासाठी एवढा?" त्यांनी विचारलं. रूपाली म्हणाली, "हो मामा, ह्याच्यासाठीच," आणि ते बाटली दोन्ही हातांनी परत देत म्हणाले, "मगे जपून ठेव हां."

प्रबंध मुदतीत पुरा झाला. बांधून आलेल्या सहा प्रतींतली पहिली ती मला दाखवायला घेऊन आली. मी आधी आभाराचं पान उघडलं. माणूस तेच उघडतो, उगाच नाही कशाला म्हणा. प्रबंध इंग्रजीत, पण माझं नाव व्यवस्थित होतं आणि चांगलं वाक्य होतं. मी ते दोनदा वाचलं आणि मग लक्षात आलं.

"रूपाली, परेरांचं नाव?"

तिचा चेहरा पडला. "आई गं! शेवटच्या घाईत राहिलं. मॅडम, आता? बाइंडिंग झालंय सगळ्या प्रतींचं." ती खाली मान घालून बसली. मग एकदम वर बघितलं. "मॅडम, शुद्धिपत्र लावू?"

तिने ते त्याच दुपारी केलं. पातळ कागदाची पट्टी, मराठीत, सहाही प्रतींच्या आभाराच्या पानावर कडेला डिंकाने चिकटवलेली. तिची स्वतःची प्रत घेऊन आम्ही दोघी मरोळला परेरांकडे गेलो. गावठाणातलं बैठं घर, अंगणात मिरच्यांची रोपं ओळीने, आणि ते बाहेरच खुर्ची टाकून बसलेले. आम्हाला सरबत देऊन त्यांनी प्रबंध मांडीवर घेतला आणि आधी पानं मोजली. मग तक्ते. तक्ता दोन, तिसरी पायरी यावर बोट ठेवून म्हणाले, "साठ. बरोबर."

मग रूपालीने त्यांना आभाराचं पान उघडून दिलं. त्यांनी पट्टी जवळ धरून वाचली.

"शुद्धिपत्र. पान चार, ओळ सहा. 'कर्णिक मॅडम' याऐवजी 'परेरा सर आणि कर्णिक मॅडम' असे वाचावे."

परेरांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. रिटायर होऊन अडीच वर्षं झालेल्या माणसाच्या खिशात पेन्सिल होती. पानाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "शुद्धिपत्र पाहिले –" आणि हात थांबला. पुढचा शब्द लिहायची त्या हाताला सवय नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि लिहिलं, "आहे."